एल्बेकाठच्या घरातल्या जपानी कविता आणि माझी मालवणी

या सहलीला मी मिरवायला निघालो होतो, हे आधीच सांगून टाकतो. हॅम्बर्गजवळच्या सफरचंदांच्या बागा फुललेल्या असताना ज्यांना तिकडे जायचंय, त्यांना इथे गाड्या, बोट, खाणं, राहणं अशी सगळी माहिती मिळेल. पण मधेमधे मी स्वतःलाच चार शब्द सुनावणार आहे. तेवढं सांभाळून घ्या.

मी फ्रँकफर्टजवळ एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. मूळ गाव वेंगुर्ल्याजवळ. बायको पुण्याची, मुलीला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्ये येतं. त्यामुळे घरात मालवणी बोलायला कुणी नाही, आणि माझी मालवणी उरलीय ती फक्त स्टेजवर. फ्रँकफर्टच्या आसपासची आम्ही मराठी मंडळी सणावाराला एखादा हॉल घेऊन जमतो. तिथे माझा एक आयटम ठरलेला असतो, ‘आयेचो फोन’. गावाहून आई फोन करते आणि मुलाला, सुनेला, शेजारणीला आणि शेवटी भिंतीवरच्या बाबांच्या फोटोला कशी झापते, याची नक्कल. चार वर्षं चाललाय. शेवटच्या भागाला, म्हणजे फोटोच्या भागाला, लोक खुर्चीतून घसरायचे बाकी राहतात.

बाबांना जाऊन आठ वर्षं झाली. आई खरंच रोज संध्याकाळी दिवा लावताना त्यांच्या फोटोशी बोलते. व्हिडिओ कॉल चालू असताना एकदा मी ते ऐकलं आणि आयटममध्ये घातलं. आईला विचारावं असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. यंदा मार्चमध्ये आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली आणि पाडव्याच्या कार्यक्रमात तिला मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. मी स्टेजवरून पाहिलं आणि मला वाटलं, चला, सार्थक झालं.

त्या दिवशी ऑफिसातला येन्स श्रीखंडाच्या ओढीने आला होता. हॉल हसतोय एवढंच त्याला कळलं. सोमवारी तो म्हणाला, तुझी बोली वेगळी आहे ना, मग माझ्या मावशीकडे जा. त्याची मावशी, फ्राउ हार्म्स, हॅम्बर्गच्या पश्चिमेला एल्बे नदीच्या बांधाखाली एका जुन्या शेतघरात राहते. तरुणपणी चार वर्षं ती उत्तर जपानमधल्या एका बर्फाळ बंदरगावात जर्मन शिकवायला होती. तिथल्या एका कवीच्या कविता ती गेली कित्येक वर्षं आपल्या प्लाट या उत्तर जर्मन बोलीत आणतेय. प्रमाण जर्मनमध्ये नाही, फक्त प्लाटमध्ये. दर वसंतात ती घरात त्याच्या वस्तू मांडते आणि रविवारी पाहुणे जमवून त्याची एक ठरलेली कविता वाचते. प्रत्येक पाहुण्याने ती कविता आपापल्या घरच्या बोलीत आणायची, पुस्तकी भाषा चालणार नाही, एवढा एकच नियम.

आता मला काय, आंधळा मागतो एक डोळा. मी लगेच होकार कळवला. मावशीबाईंनी कवितेचा साधा जर्मन अर्थ पाठवला. समुद्रात बुडालेल्या नवऱ्याला एक बाई झापतेय, की जेवण निवलं, चूल विझली, तू तिथे बसून काय राहिलास. मी ती दोनदा वाचली आणि खुशीने टेबलावर थाप मारली. ही तर माझ्या आयटमसाठीच लिहिलेली होती. अर्ध्या तासात मालवणी करून टाकली. म्हटलं, आईलाही घेऊन जाऊ, बागा बघेल.

फ्रँकफर्टहून हॅम्बर्ग आयसीई या वेगवान गाडीने साधारण चार तास. तिकीट महिनाभर आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. आमची गाडी कासेलजवळ पन्नास मिनिटं उभी राहिली. आईने डबा उघडला, थालीपीठ पुढे केलं आणि विचारलं, “तू आता खाणार आहेस का नंतर?” मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण का वाटलं ते कळलं नाही. सुनेच्या सहवासात आई पुणेरी व्हायला लागली, असा मी विनोद केला. आईने डब्याचं झाकण लावलं.

हॅम्बर्गला नेहमीप्रमाणे पाऊस होता. बंदराजवळच्या लांडुंग्सब्रुकेन स्टेशनला उतरून बासष्ट नंबरची बोट घ्यायची. ही साधी प्रवासी बोट आहे. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास असेल तर वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि पर्यटकांच्या महागड्या बोटीतून दिसतं ते जवळपास सगळं हिच्यातून दिसतं. चढण्याआधी धक्क्यावर मासा घातलेला पाव खाल्ला. आईने खारवलेल्या हेरिंगचा वास घेतला, एक घास खाल्ला आणि उरलेला मला दिला. भाजलेला नाही, तळलेला नाही, याला मासा कशाला म्हणायचं, असं तिचं मत पडलं. मासे न खाणाऱ्यांनी सोबत काहीतरी ठेवा.

फिंकेनवेर्डरला उतरून दीडशे नंबरची बस. क्रान्त्स जवळ यायला लागलं की उजवीकडे हिरवा बांध आणि डावीकडे झाडंच झाडं. पाऊस थांबला होता. ओळीने लावलेल्या सफरचंदांवर पांढरा-गुलाबी फुलोरा इतका की पान दिसत नव्हतं. घरांची छपरं गवताने शाकारलेली. बांध पाहिल्यावर आई एकदम म्हणाली की हा आपल्याकडचा खारबंधाराच आहे, भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला. तिचं बरोबर होतं. वसंतात जाणार असाल तर एप्रिलचा शेवट ते मेची सुरुवात साधा, आणि खोली फार आधी सांगून ठेवा. आम्हाला फ्राउ हार्म्सनेच माडीवरची खोली दिली होती.

बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, उंच, पायात रबरी बूट. हस्तांदोलन करून त्यांनी आईला सरळ स्वयंपाकघरात नेलं. मी बॅगा ठेवून आलो तेव्हा दोघी एका बरणीवर वाकल्या होत्या. बरणीत मुळा खारवलेला होता, बाई तो जपानमध्ये शिकून आल्या होत्या. बाई प्लाटमध्ये काहीतरी सांगत होत्या आणि आई त्यांना विचारत होती, “ह्येच्यात मीठ किती घातलंस गो? माज्या सासूच्या बरणीक असोच वास येय.” बाईंनी मुठीने मीठ दाखवलं. आई म्हणाली, “मगे बरोबर.” आणि मग मी दारात दिसलो तशी माझ्याकडे वळून म्हणाली, “त्यांना विचार, यात मोहरी घातली आहे का?”

तेव्हा कळलं. गाडीत जे खटकलं होतं ते हेच होतं. आई माझ्याशी मालवणीत बोलत नव्हती. मी उभ्या उभ्या आठवत गेलो. कालचा दिवस, त्याआधीचा आठवडा, नातीशी, सुनेशी, माझ्याशी. पाडव्यापासून एक शब्द नाही. पाच आठवडे माझ्या घरात माझी आई मराठीच्या बाईंसारखी बोलत होती आणि तिची बोली दाखवून टाळ्या घेणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता. एका अनोळखी जर्मन बाईशी मात्र ती बिनधास्त बोलत होती, कारण त्या बाईला काही कळणार नव्हतं.

मी मोहरीचं विचारलं. नव्हती.

दुपारी बाईंनी प्रदर्शन दाखवलं. अशा जुन्या शेतघरात मधोमध एक मोठं दालन असतं, पूर्वी तिथे धान्य झोडपायचे. तिथे टेबलांवर फोटो आणि कागद मांडले होते. कवीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांकडून पुस्तकाची परवानगी अजून यायची आहे आणि तोवर नाव फिरू नये अशी बाईंची इच्छा आहे. माणूस शाळा आठवीत सोडलेला. सगळा जन्म बंदरावरच्या मासळीच्या लिलावात वजनकाट्यावर कारकून होता. कविता लिहायचा त्या वजनाच्या पावत्यांच्या पाठीवर. त्या पावत्या तिथे होत्या, एका बाजूला किलो आणि बोटीचं नाव, दुसऱ्या बाजूला बारीक जपानी अक्षरं. काहींवर माशाचा डाग. फोटोत तो कानटोपी घालून काट्याशेजारी बसलेला, कुणावर तरी वैतागल्यासारखा.

बाईंनी सांगितलं की त्याच्या कवितेतलं बोलणं त्याचं नसायचं. धक्क्यावर माकूळ मासे साफ करणाऱ्या बायका जे बोलायच्या ते तो टिपून घ्यायचा. कविता झाली की जिचे शब्द असतील तिच्यापुढे बसून वाचायचा. तिने मान हलवली नाही, तर पावती तिथल्याच शेगडीत. बाईंच्या डोळ्यांदेखत एका हिवाळ्यात सात कविता जळल्या होत्या. त्यातली एक तर फार चांगली होती, त्या म्हणाल्या, पण ती म्हातारी नाही म्हणाली.

मी हे आईला मराठीत सांगितलं. आईने पावत्यांवरून बोट न लावता नजर फिरवली आणि म्हणाली, “भला माणूस होता.”

शहाण्या माणसाने इथेच रविवारचं वाचन रद्द केलं असतं. मी केलं नाही. मला वाटलं, आता नीट, गंभीरपणे वाचू, म्हणजे आईलाही कळेल की मला मालवणीची किंमत आहे. संध्याकाळी मी तिला एकदोन शब्द विचारले. माझ्या मालवणीत नक्की कुठे काय चुकतंय ते सांग म्हटलं. ती म्हणाली, “मला कुठे विचारतोस? तू एवढ्या लोकांसमोर बोलतोस.” टोमणा होता की नाही ते तिच्या चेहऱ्यावरून समजेना. मी कागद घडी करून खिशात घातला.

रविवारी अकराला तीसेक माणसं जमली. बटरचा केक, कॉफी, बागेतल्या सफरचंदांचा रस. आधी बाईंनी प्लाटमध्ये वाचलं, कागद न घेता, अगदी हळू. मग दक्षिणेकडच्या श्वाबेनचा एक सुतार, मग उत्तरेच्या बेटावरची एक नर्स, मग सिसिलीहून आलेले एक आजोबा. पाचवा मी. आई दुसऱ्या रांगेत होती.

मी उभा राहिलो आणि सुरुवात केली. “आता येवक काय झाला तुका? भात निवलो, चूल इझली, दर्यात बसान रवलंस, लाज वाटणा नाय तुका?” पहिल्या ओळीलाच माझा आवाज वर गेला. हात कमरेवर गेला. मान तशीच तिरकी झाली. मी थांबवायला गेलो पण थांबवता येईना, कारण माझ्याकडे मालवणीचा दुसरा आवाजच उरला नव्हता. चार वर्षं मी ती फक्त हसवण्यासाठी तोंडात घेत होतो. ‘लाज वाटणा नाय’ला तर मी सवयीने क्षणभर थांबलो, हशासाठी. आणि हशा आला. शब्द कुणाला कळले नव्हते, पण कमरेवरचा हात सगळ्यांना कळला. सुताराने टाळीही वाजवली.

मी आईकडे पाहिलं. तीसुद्धा हसत होती. पाडव्याला हसली होती तशीच, पदर तोंडाला लावून. तेव्हा स्टेजवरून मला जे दिसलं नव्हतं ते आता पाच पावलांवरून दिसलं. तिचे डोळे हसत नव्हते.

यावर मी जे केलं ते लिहायला सगळ्यात जास्त लाज वाटतेय. प्रसंग सावरायला मी जर्मनमध्ये जाहीर केलं की माझी आई इथे बसली आहे, खरी मालवणी तिची, ती वाचेल. तिला न विचारता. सगळ्यांनी तिच्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. आई उठली, कागद घेतला नाही, सगळ्यांना नमस्कार केला, “डांके” म्हणाली आणि खाली बसली. आभाराचा हा एवढाच जर्मन शब्द तिला येतो.

फ्राउ हार्म्सनी तिच्यासमोर रसाचा पेला ठेवला. मग लोकांना म्हणाल्या की या कवितेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ही कविता कवीच्या आईची. तिचा नवरा, म्हणजे कवीचा बाप, बोटीवरून परत आला नव्हता आणि ती दाराशी उभी राहून असंच बोलायची. तिने कवितेला मान हलवली होती. पुढे एकदा कवीला राजधानीत वाचायला बोलावलं. तिथल्या लोकांना उत्तरेची बोली म्हणजे गंमत. पहिल्या ओळीलाच ते हसले, आणि घाबरून, त्यांना बरं वाटावं म्हणून, तोही हसला. पुढची ओळ त्याने मुद्दाम थोडी गमतीत वाचली. गावी परतल्यावर अनेक वर्षं त्याने बाहेर कुठेही वाचलं नाही. हसणाऱ्यांवर त्याचा राग नव्हता, बाई म्हणाल्या, आपण हसलो याचा होता. आईला त्याने ते कधी सांगितलं नाही.

बाईंनी हे माझ्यावर रोखून सांगितलं असं मला वाटलं नाही. त्या दरवर्षी ही गोष्ट सांगत असाव्यात. पण मी केकची बशी खाली ठेवली. आईने विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी सगळं सांगितलं, एकही वाक्य न गाळता. तेवढं तरी मी केलं.

परतीच्या बसला तासभर होता. आम्ही बांधावर चढलो. वर मेंढ्या चरत होत्या, पलीकडे मोठं मालवाहू जहाज अगदी संथ चाललं होतं. मी आईला म्हटलं, “आये, पाडव्याक माजा चुकला.” माझ्या कानांना माझाच आवाज पुन्हा नाटकी वाटला आणि मी पुढचं मराठीत बोललो, की तुला न विचारता मी ते सगळं लोकांसमोर केलं.

आईने वाऱ्यावर उडणारा पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, “सुनेला झापते, शेजारणीला झापते, ती नक्कल केलीस, त्याचं काही नाही. पण दिव्याच्या वेळी मी बोलते ते त्यांच्याशी बोलते. ते लोकांना सांगायचं नव्हतं.”

“मग तू हसलीस का?”

“सगळे हसत होते. मी एकटी कशी गप्प बसणार? लोक म्हणाले असते, मुलाचं कौतुक नाही.”

मी मालवणीबद्दल विचारलं. माझ्याशी का बोलत नाहीस? ती म्हणाली की मुद्दाम नाही, पण तोंड उघडलं की वाटतं, हे आता कुठे तरी जाईल. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. भाजी महाग झाली म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली. बस वेळेवर आली.

येताना गाडी वेळेत होती. आईला झोप लागली. हॅनोवर गेल्यावर मी मंडळाच्या ग्रुपवर कळवलं की ‘आयेचो फोन’ बंद. तीन जणांनी रडके चेहरे पाठवले, एकाने विचारलं की मग गणपतीला काय करणार. कारण मी तेव्हा लिहिलं नव्हतं. आज इथे लिहितोय.

आई जूनमध्ये परत गेली. रविवारी तिचा फोन येतो. नातीची चौकशी, माझ्या पाठीची चौकशी, सगळं पुस्तकी मराठीत. मी मालवणीत उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. अजून जमत नाही, दुसऱ्या वाक्याला तो मेला आवाज येतोच. आता मी हळू, सपाट बोलतो, दगडावर पाय ठेवत ओढा ओलांडावा तसं. ती ऐकते आणि मराठीत उत्तर देते.

सहलीचं विचाराल तर जरूर जा. बागा, बोट, बांध सगळं पाहण्यासारखं आहे, दोन दिवस पुरतात. वाचनाला बाहेरच्यांनाही येऊ देतात. फक्त बोली घेऊन जाणार असाल, तर ती कुणाकडून घेतली ते आठवून जा.

हे सगळं टाकण्याआधी गेल्या रविवारी मी आईला फोनवर पूर्ण वाचून दाखवलं. बराच वेळ लागला. तिने एक जागा काढायला सांगितली, फोटोपुढे ती नेमकं काय बोलते ते जिथे लिहिलं होतं ती. मी ती काढली आहे. बाकी राहू दे म्हणाली. मग म्हणाली, “छान लिहिलं आहेस.” मालवणीत ती असं कधीच म्हणाली नसती. मालवणीत तिने मला आधी चार शिव्या घातल्या असत्या. मी फोन कानाला लावून त्या शिव्यांची वाट बघत बसलो होतो. तिने प्रकृतीला जप म्हटलं आणि फोन ठेवला.